मेंदूचे विभाग व बालशिक्षण : कोसबाडचा प्रयोग

मेंदूच्या निरनिराळ्या विभागांची रचना व कार्ये यांविषयीचे ज्ञान गेल्या दोन शतकांत मुख्यतः रुग्णालये, शवविच्छेदनगृहे व प्रयोगशाळा यांतून मिळत गेले. मुलाच्या ज्ञानेंद्रियांना व हातांना योग्य काम मिळाले, तर त्याच्या बुद्धीचा विकास होतो, हा विचारही त्याच काळात वैद्यकातून शिक्षणात आला. या विचाराची एक शाखा फ्रान्स व इटलीमार्गे भावनगरला, तेथून मुंबईस व अखेरीस डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर पोहोचली. डहाणू व तलासरी हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाले. तेथील वारली मुलांसाठी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी जे बालशिक्षण उभे केले, ते मेंदूच्या शारीरावर आधारलेले नव्हते. कोसबाड ही मेंदूविज्ञानाची प्रयोगशाळाही नव्हती. तथापि आदिवासी मुलाची बुद्धी जन्मतः उणी असते, की ती घडण्यास लागणारी परिस्थिती त्याला मिळत नाही, हा मेंदूविज्ञानाच्या इतिहासातील वादाचा प्रश्न तेथे प्रत्यक्ष व्यवहारात सोडविला जात होता. या दृष्टीने दोन्ही इतिहास एकत्र पाहणे उद्‍बोधक ठरते.

स्थूल रचना : प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सरासरी १·३ ते १·४ किग्रॅ. असते. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असणारा हा अवयव विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. बालपणी हे प्रमाण याहून बरेच अधिक असते. मेंदूचे तीन मुख्य विभाग मानतात : प्रमस्तिष्क, निमस्तिष्क व मस्तिष्क स्तंभ. मस्तिष्क स्तंभ हा मेरुरज्जूला जोडणारा खालचा भाग असून श्वसन, हृदयाचे ठोके, गिळणे, झोप व जागृती अशा जीवनावश्यक क्रियांवर त्याचे नियंत्रण असते. त्याच्या मागील बाजूस, कवटीच्या तळाशी निमस्तिष्क असते. हालचालींचा मेळ, तोल व कालमापन ही त्याची प्रमुख कार्ये होत. प्रमस्तिष्क हा सर्वांत मोठा विभाग असून त्याचे उजवा व डावा असे दोन गोलार्ध असतात. तंत्रिका तंतूंच्या एका जाड पट्ट्याने ते एकमेकांस जोडलेले असतात.

गोलार्धाच्या पृष्ठभागावरील घड्या पडलेल्या करड्या थरास बाह्यक म्हणतात. प्रत्येक गोलार्धाचे चार खंड असतात. कपाळामागील ललाट खंडात ऐच्छिक हालचाली, नियोजन व संयम यांची केंद्रे असतात; त्यामागील पार्श्विक खंडात स्पर्शाची संवेदना व अवकाशाचे भान; कानशिलाजवळच्या शंख खंडात श्रवण व भाषेचे आकलन; तर डोक्याच्या मागील बाजूच्या पश्चकपाल खंडात दृष्टी. गोलार्धांच्या आतील भागात थॅलॅमस, हायपोथॅलॅमस, हिपोकँपस व अमिग्डाला या रचना असतात. थॅलॅमसमधून गंधाखेरीज इतर सर्व संवेदना बाह्यकाकडे जातात. हायपोथॅलॅमस भूक, तहान व शरीराचे तापमान यांचे नियमन करतो. हिपोकँपस नव्या आठवणी साठविण्यास, तर अमिग्डाला भय व इतर भावना यांना कारणीभूत असतो. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी तंत्रिका कोशिका असून त्यांपैकी सुमारे ६,९०० कोटी एकट्या निमस्तिष्कात असतात. दोन कोशिकांमधील जोडणीच्या ठिकाणास अनुबंध म्हणतात. माणसाचे शिकणे हे बव्हंशी अनुबंध निर्माण होणे, बळकट होणे वा नाहीसे होणे यांवर अवलंबून असते.

कार्यस्थानांच्या शोधाचा इतिहास : मेंदूच्या वेगवेगळ्या भागांची कार्ये वेगवेगळी असतात, हे मत फ्रांट्स योझेफ गाल (१७५८–१८२८) या वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ठामपणे मांडले. मात्र कवटीवरील उंचवटे चाचपून माणसाचे गुणदोष सांगता येतात, असेही तो मानी. त्यातून मस्तकसामुद्रिक हे छद्मशास्त्र निर्माण झाले. प्येअर फ्लूरां (१७९४–१८६७) याने कबुतरांवर प्रयोग करून गालचे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. निमस्तिष्क काढलेल्या पक्ष्याला हालचाल करता येते. परंतु त्या हालचालींत मेळ राहत नाही, असे त्याला आढळले. १८६१ मध्ये पॉल ब्रॉका (१८२४–८०) या फ्रेंच शल्यचिकित्सकाने एका रुग्णाच्या मेंदूचे वर्णन प्रसिद्ध केले. या रुग्णास बोललेले समजत असे. पण ‘टॅन’ या एका अक्षरसमूहापलीकडे त्याला फारसे काही उच्चारता येत नसे. त्याच्या डाव्या ललाट खंडाच्या एका भागात विकृती आढळली. १८७० मध्ये गुस्टाव्ह फ्रिट्श व एडुआर्ट हिटसिख यांनी कुत्र्याच्या बाह्यकाला विजेने उद्दीपित करून हालचालींचे क्षेत्र दाखवून दिले. १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके (१८४८–१९०५) याने शंख खंडाच्या मागील भागास इजा झाल्यास बोलणे ओघवते राहते. परंतु अर्थाचे आकलन होत नाही, असे दाखविले.

या काळाला दुसरी बाजूही होती. स्वतः ब्रॉकाने १८५९ मध्ये पॅरिसमध्ये मानवशास्त्राची संस्था स्थापन केली आणि कवट्या व मेंदू मोजून निरनिराळ्या मानवसमूहांची प्रतवारी लावण्याच्या कामाला वाहून घेतले. वाणीचे स्थान शोधणाऱ्या शास्त्रज्ञानेच मेंदूच्या आकारावरून वंश, वर्ग व स्त्रीपुरुष यांच्या बुद्धीचे उच्चनीचत्व ठरविता येते, असे मानले. मोजमापांतून काढलेले हे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. निरोगी माणसांच्या मेंदूंच्या वजनात मोठी तफावत असते आणि एखाद्या व्यक्तीची कर्तबगारी त्या वजनावरून सांगता येत नाही, हे आता सर्वमान्य आहे. परंतु काही समाज मुळातच मंदबुद्धी असतात, हा समज शास्त्राने सोडल्यानंतरही व्यवहारात दीर्घकाळ टिकून राहिला. रानातल्या मुलांना शाळा कशाला, हा प्रश्न त्याच समजातून निघालेला होता.

ज्ञानेंद्रिय-शिक्षणाची परंपरा : या समजाला छेद देणारा प्रवाहही वैद्यकातच उगम पावला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील आव्हेरॉन भागात एक रानटी अवस्थेतील मुलगा सापडला. तो जन्मतः जड बुद्धीचा असावा, असे त्या काळच्या नामांकित वैद्यांचे मत होते. झां इतार (१७७४–१८३८) या तरुण वैद्याने मात्र त्याची अवस्था माणसांच्या सहवासाच्या अभावामुळे झाली, असे मानून त्याला स्पर्श, श्रवण व दृष्टी यांचे क्रमवार शिक्षण दिले. १८०१ व १८०६ या वर्षी त्याने या प्रयत्नांचे वृत्तांत लिहिले. मुलाला भाषा फारशी आली नाही. परंतु वस्तू ओळखणे, अक्षरांशी त्यांची जोडी लावणे, सोपी कामे करणे यांत त्याची प्रगती झाली. इतारचा शिष्य एदुआर सेगँ (१८१२–८०) याने या पद्धतीचा मतिमंद मुलांच्या शिक्षणासाठी विस्तार केला. प्रथम स्नायू, मग ज्ञानेंद्रिये व त्यानंतर विचार, असा त्याचा क्रम होता.

मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १८९६ मध्ये रोममध्ये वैद्यकाची पदवी घेतली. मनोरुग्णालयात ठेवलेली मतिमंद मुले पाहून त्या इतार व सेगँ यांच्या ग्रंथांकडे वळल्या. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले आणि हीच साधने सर्वसाधारण मुलांच्या हाती दिली. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू करून माँटेसरी पद्धतीला भारतीय रूप दिले. तेथे १९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांच्या सहकारी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. १९३९ मध्ये माँटेसरी स्वतः भारतात आल्या व दुसऱ्या महायुद्धाचा काळ त्यांनी येथेच घालविला.

बोर्डी ते कोसबाड : शहरातील बालमंदिरे महागड्या साधनांवर चालत आणि त्यांचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गीय मुलांना मिळे. हे शिक्षण खेड्यातील गरीब मुलांपर्यंत न्यावे, या हेतूने ताराबाईंनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांना येऊन मिळाल्या. वयाच्या तेराव्या वर्षी विवाह व त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताई शिक्षण पुरे करून शिक्षिका झाल्या होत्या. १९४५ हे वर्ष या भागाच्या इतिहासात आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. सावकार व जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी उभा राहिला. ज्यांच्या श्रमावर इतरांचा हक्क मानला जाई, त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न त्यामुळे केवळ अध्यापनपद्धतीचा नव्हता.

बोर्डीत गावाबाहेरच्या वस्त्यांतील मुले केंद्रात येत नाहीत, असे दिसून आल्यावर केंद्रच वस्तीत नेण्यात आले. झोपडीपुढच्या अंगणात, झाडाखाली मुलांना जमवून, त्यांना न्हाऊमाखू घालून गाणी, गोष्टी व खेळ सुरू झाले. त्यातून अंगणवाडी ही संज्ञा रूढ झाली. १९५६-५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात हलविण्यात आले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी आकारास आली. वारली कुटुंबात आईबाप कामावर गेल्यावर तान्ह्या भावंडाला सांभाळण्याचे काम मोठ्या मुलीकडे येई. भावंड पाळणाघरात ठेवता आले, म्हणजे ती मुलगी वर्गात बसू शके. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा व दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा, हेही त्याच विचाराचे विस्तार होत. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला. १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर अनुताईंनी कामाची धुरा सांभाळली. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात त्यांनी या कामाची हकीकत सांगितली आहे.

हालचाल व हात : कोसबाडला माँटेसरींच्या लाकडी साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, फुले, काड्या, माती व बांबू यांनी घेतली. काटकसर हे त्याचे उघड कारण होते. परंतु मुलाच्या ओळखीच्या वस्तूंपासून आरंभ करण्याचे तत्त्वही त्यामागे होते. हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या विभागांच्या दृष्टीने पाहता या निवडीने काहीच उणे झाले नाही. मॉन्ट्रिऑल येथील शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड (१८९१–१९७६) यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या बाह्यकाला सौम्य विजेने स्पर्श करून शरीराच्या अवयवांचा नकाशा तयार केला व तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. या नकाशात धड व पाय यांच्या मानाने हात व तोंड यांनी फार मोठी जागा व्यापलेली आढळते. बोटांनी बी उचलणे, ते खरखरीत की गुळगुळीत हे ओळखणे, माती वळणे या कृतींत ललाट खंडातील प्रेरक क्षेत्र, पार्श्विक खंडातील स्पर्शक्षेत्र व निमस्तिष्क ही तिन्ही एकदम कामास लागतात. ज्याला शाळेची पाटी ठाऊक नाही असे वारली मूलही झाडावर चढते, शेताच्या बांधावरून तोल सांभाळीत चालते, तारप्याच्या सुरावर पाऊल टाकते. निमस्तिष्काचे हे शिक्षण त्याला घरीच मिळालेले असते. विवाहप्रसंगी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या चौकातील रेघ हाही हात व डोळा यांच्या मेळाचाच आविष्कार होय. बालवाडीचे काम या तयारीवर पुढची पायरी चढविण्याचे होते.

दृष्टी व भाषा : डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टेन व्हीझेल यांनी १९६० नंतरच्या दशकात मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. जन्मानंतरच्या विशिष्ट काळात एक डोळा झाकून ठेवल्यास डोळा निकोप असूनही बाह्यकातील कोशिका त्याला प्रतिसाद देईनाशा होतात. प्रौढ मांजराचा डोळा तितकाच काळ झाकला, तर असा परिणाम होत नाही, असे त्यांना आढळले. या संशोधनाबद्दल त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अनुभव योग्य वेळी न मिळाल्यास मेंदूची जोडणीच अपुरी राहते, हे यावरून सिद्ध झाले. भाषेच्या ध्वनींबाबतही असाच काळ असतो. काही महिन्यांचे मूल जगातील बहुतेक भाषांतील ध्वनींतील भेद ओळखू शकते; परंतु पहिले वर्ष संपेपर्यंत ते कानावर पडणाऱ्या भाषेच्या ध्वनींकडे स्थिरावते. म्हणून वारली मूल बालवाडीत आले, तेव्हा त्याच्या शंख व ललाट खंडांतील भाषाक्षेत्रे रिकामी नव्हती. ती वारली बोलीने घडलेली होती. त्याला प्रमाण मराठी येत नाही याचा अर्थ भाषा येत नाही असा करणे ही शाळेची चूक ठरते. मुलाच्या बोलीतील गाणी-गोष्टींपासून आरंभ करून पुस्तकी मराठीकडे जाणे हा मार्ग या दृष्टीने शास्त्रशुद्ध होय.

स्मृती, भय व संयम : १९५३ मध्ये अमेरिकेत एका रुग्णाच्या अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिपोकँपसचा बराचसा भाग काढण्यात आला. त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याची दीर्घकाळ तपासणी केली. आरशात पाहून आकृती गिरविण्याचे कौशल्य तो रोजच्या सरावाने शिकला. मात्र आपण हे पूर्वी केले आहे, याची त्याला आठवण नसे. प्रसंगांची स्मृती व कौशल्याची स्मृती मेंदूच्या वेगवेगळ्या यंत्रणांवर अवलंबून असतात, हे यातून स्पष्ट झाले. पाठांतर हे शिक्षणाचे एक अंग आहे. हाताने केलेले काम दुसऱ्या मार्गाने मनात मुरते. भयाचाही यांत वाटा असतो. दीर्घकाळच्या तीव्र ताणाचा हिपोकँपस व ललाट खंडाचा पुढील भाग यांवर अनिष्ट परिणाम होतो, असे पुढील संशोधनात आढळून आले. गिजुभाई व ताराबाई यांनी शिक्षेला केलेला विरोध मानवतेच्या भूमिकेतून होता. त्याला शारीरक्रियेचा आधार नंतर मिळाला.

ललाट खंडाच्या पुढील भागाचे कार्य १८४८ मधील एका अपघातामुळे लक्षात येऊ लागले. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात रेल्वेमार्गाचे काम करणाऱ्या फिनिअस गेज याच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, चालू-बोलू लागला. परंतु पूर्वीचा जबाबदार मुकादम उतावळा व बेभरवशाचा झाल्याचे त्याच्या वैद्याने नमूद केले. संयम, निवड व नियोजन ही कार्ये करणारा हा भाग सर्वांत उशिरा, म्हणजे विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत जातो. संवेदना व हालचाल यांच्या मार्गांना मायलिनाचे आवरण प्रथम चढते व विचाराच्या क्षेत्रांना शेवटी, हा क्रम पाउल फ्लेक्सिख (१८४७–१९२९) याने दाखवून दिला होता. प्रथम स्नायू, मग ज्ञानेंद्रिये, नंतर विचार हा सेगँने अनुभवाने बांधलेला क्रम याच्याशी ढोबळमानाने जुळतो. स्वतः काम निवडणे, ते पुरे करणे व साधन जागेवर ठेवणे, हा माँटेसरी परंपरेतील नियम ललाट खंडाच्या याच कार्यांना सराव देतो. अमेरिकेतील मिलवॉकी येथे सोडतीने प्रवेश मिळालेल्या व न मिळालेल्या मुलांची तुलना करणारे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. माँटेसरी शाळेतील पाच वर्षांची मुले वाचनपूर्व कौशल्ये, गणित व आत्मनियंत्रण यांत सरस आढळली.

वयोमर्यादेचा प्रश्न : नवजात मुलाच्या मेंदूचे वजन सुमारे ३५० ते ४०० ग्रॅ. असते व वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत मेंदू प्रौढाच्या सुमारे ९० टक्के आकाराचा होतो. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो, असे म्हटले आहे. हा आकडा बालवाडीचे महत्त्व पटविण्यास उपयोगी पडतो. परंतु त्याचा विपरीत अर्थही होऊ शकतो. आकाराची वाढ म्हणजे शिकण्याची परिसमाप्ती नव्हे. पीटर हटनलॉकर यांनी १९७९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, ललाट खंडातील अनुबंधांची दाटी पहिल्या एक-दोन वर्षांत शिखर गाठते व त्यानंतर कुमारवयापर्यंत ती घटत जाते. न वापरलेल्या जोडण्या गळून वापरातील जोडण्या राहतात. म्हणजे येथे संख्येपेक्षा निवड महत्त्वाची ठरते.

वंचित बालपणाचे परिणाम खोल असतात, हेही तितकेच खरे आहे. रुमानियातील अनाथालयांतील मुलांवर बुखारेस्ट येथे एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून झालेल्या अभ्यासात, कुटुंबात ठेवलेली मुले अनाथालयात राहिलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली आणि दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्यांना अधिक लाभ झाला. वारली मुलांची स्थिती मात्र याहून वेगळी होती. त्यांना माता, भावंडे, भाषा, गाणी व खेळ यांचा सहवास होता. वंचना होती ती अन्नाची, आरोग्याची, अक्षराची व फुरसतीची. अक्षरज्ञानाला तर वयाची तशी कठोर मर्यादा नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टानिस्लास दहान व सहकाऱ्यांच्या संशोधनात, प्रौढपणी वाचायला शिकलेल्यांच्याही दृष्टी व भाषा यांच्या क्षेत्रांत साक्षरतेमुळे घडणारे बदल आढळले. उत्तर प्रदेशातील निरक्षर ग्रामीण प्रौढांना सहा महिने वाचन शिकविल्यावर दृष्टिक्षेत्र व थॅलॅमस, मस्तिष्क स्तंभ यांच्या परस्परसंबंधांत बदल झाल्याचे २०१७ मध्ये नोंदविण्यात आले. कुरणशाळेत वा रात्रीच्या शाळेत उशिरा आलेला मुलगा ‘वेळ निघून गेलेला’ नव्हता, याला यातून पुष्टी मिळते. लवकर आरंभ करणे हे श्रेयस्कर आहे. उशीर झाला म्हणून दार बंद करणे अशास्त्रीय आहे.

पोषण : मेंदूच्या वाढीस ऊर्जा, प्रथिने, लोह व आयोडीन यांची गरज असते. गर्भावस्थेत आयोडिनाची तीव्र उणीव असल्यास बुद्धीच्या वाढीवर कायमचा परिणाम होतो. लोहाची उणीव मायलिनाच्या निर्मितीत बाधा आणते. उपाशी मुलाचे लक्ष खेळात वा अक्षरांत टिकत नाही, हे शिक्षिकेला कोणत्याही उपकरणाशिवाय दिसते. म्हणून स्वच्छता, खाऊ व औषधोपचार ही बालवाडीची दुय्यम कामे नसून शिक्षणाचाच भाग ठरतात. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी व पूर्वप्राथमिक शिक्षण या सेवा एकत्र देणाऱ्या तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

मूल्यमापन : अनुताई वाघ व रमेश पानसे यांच्या प्रयत्नांतून १९८२ मध्ये ग्राममंगल ही संस्था स्थापन झाली. डहाणू तालुक्यातील ऐने येथे तिने काम उभारले. मेंदूविषयीच्या नव्या संशोधनाचा परिचय मराठी शिक्षकांना करून देण्यावर पानसे यांनी विशेष भर दिला. अशा रीतीने दोन स्वतंत्र प्रवाह या तालुक्यात एकमेकांस भेटले.

तथापि मेंदूविज्ञानाच्या आधारे कोसबाडचा प्रयोग ‘सिद्ध’ झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मांजराच्या पिलांवरील वा परदेशी शहरांतील निष्कर्ष वारली पाड्यांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. एखादा खेळ एखाद्याच विभागाला वाढवितो, किंवा माणसे डाव्या वा उजव्या मेंदूची असतात, अशी लोकप्रिय विधाने निराधार आहेत. कोणत्याही साध्या कृतीतही मेंदूचे अनेक विभाग एकत्र काम करतात. शिवाय मूल शाळेत येते की नाही, हे अनेकदा मेंदूपेक्षा मजुरी, स्थलांतर, जमीन व भाषा यांवर ठरते. या मर्यादा लक्षात घेऊनही एक निष्कर्ष निश्चित काढता येतो. वारली मूल व शहरी मूल यांच्या मेंदूंची मूळ घडण एकच आहे. फरक पडतो तो त्याला मिळणाऱ्या अन्नात, स्नेहात, भाषेत व कामात. कवट्या मोजणाऱ्यांनी जो फरक हाडांत शोधला, तो अंगणात भरून काढण्याजोगा आहे, या विश्वासावर ताराबाई व अनुताई यांनी आपले काम उभे केले होते.